प्रत माहितीसाठी सविनय सादर

दिवेकर सरांनी लिफाफा फाडला, आतला कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "वा! ह्याला म्हणतात टायपिंग!"

वर्गातल्या बाराही मशीनांची खडखड थांबली. सर सहसा कुणाला वा म्हणत नसत. त्यांचं ठेवणीतलं कौतुक म्हणजे "ठीक", आणि तेही वर्षातून एखाद्यालाच मिळायचं.

"बघा रे सगळे. समास दोन्हीकडे सारखा. तारीख जिथल्या तिथे. विषय बरोबर मध्यभागी, खाली रेघ. एक खाडाखोड नाही." त्यांनी कागद सगळ्यांपुढून फिरवला. "आता मजकूर ऐका. कचेरीचं पत्र कसं असावं ते कळेल."

मी मशीनमागे मान खाली घातली. ते पत्र मी टाइप केलं होतं.

"'प्रति, माननीय परीक्षा नियंत्रक. विषय: आगामी टंकलेखन परीक्षेतील संभाव्य गैरप्रकाराबाबत.' वा! 'महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, करमाळा येथील गतिमान टायपिंग इन्स्टिट्यूटचे चालक श्री. न. वि. दिवेकर...'"

इथे सरांचा आवाज जरा लटपटला. पण एकदा उतारा वाचायला घेतला की मध्ये थांबायचं नाही, ही त्यांची तीस वर्षांची सवय. ते वाचतच गेले. "'...हे कुमारी मंदा गव्हाणे हिच्याकरवी श्रीमती इंदुमती ताकवले यांचा उतारा टाइप करवून घेणार असल्याचे खात्रीलायकरीत्या समजते. सदर महिला उमेदवार टंकलेखनास सर्वस्वी अपात्र असून...'"

शेवटच्या ओळी त्यांनी पुटपुटल्यासारख्या वाचल्या. "'आपला, एक हितचिंतक. प्रत: श्री. दिवेकर यांना माहितीसाठी सविनय सादर.'"

मंदाचा चेहरा पांढरा पडला होता. इंदूमावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. "मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

मग सरांची नजर कागदाच्या डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे, जिथे असायला हवी तिथेच, टंकलेखकाची आद्याक्षरं होती. अ. दि. को. म्हणजे अरविंद दिनकर कोरडे.

"कोरडे," सर म्हणाले, "निनावी पत्रावर आद्याक्षरं?"

"सर, तुम्हीच सांगितलंय. आद्याक्षरांशिवाय पत्र पुरं होत नाही."

"आणि ही प्रत मला?"

"ज्याच्याबद्दल लिहाल त्याला प्रत गेलीच पाहिजे, असं तुम्हीच..."

सरांना राग तर अनावर झाला होता, पण यातलं काही खोडून काढता येईना. "मूळ पत्र गेलं?"

"परवाच. रजिस्टरनं."

"पोचपावतीसह?"

"हो सर."

"हं. ते तरी नीट केलंस," असं ते सवयीनं बोलून गेले आणि मग डोकं धरून खुर्चीत बसले.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार सरळ मनुष्य समजत होतो. वर्गात कुणी टेबलावर पेन्सिल विसरलं तरी मी ती सरांकडे जमा करायचो. माझी मराठी टायपिंगची गती मिनिटाला बेचाळीस शब्द होती, पास व्हायला तीस लागायचे. बेचाळीस ही आमच्या वर्गातली दुसऱ्या नंबरची गती. पहिला नंबर मंदाचा. ती साठने मारायची, आणि मारताना खिडकीबाहेर बघायची. ते मला विशेष खुपायचं.

इंदूमावशी एकोणीसच्या पुढे जात नव्हत्या. त्यांचे यजमान एका सरकारी कचेरीत कारकून होते, नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून मावशींना घेतलं. पण अट होती, दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हायची. नाही झालात तर नोकरी गेली. दोनदा त्या नापास झाल्या होत्या. ही शेवटची संधी होती. घरात दहावीतली मुलगी आणि दम्याची सासू. त्यांचे यजमान सरांच्याच हाताखाली टायपिंग शिकलेले. म्हणून सरांनी ती युक्ती काढली होती. मी आतल्या खोलीत मशीनची फीत बदलत होतो तेव्हा पार्टिशनपलीकडून ऐकलं.

"मंदा, सात मिनिटं असतात. तू साठनं मारतेस. म्हणजे दोनशेदहा शब्दांचा उतारा तुझा दोनदा होतो. पहिला कागद काढून ठेव, दुसरा घाल. इंदूबाई शेजारी बसतील आणि तोवर नुसतं खडखड करतील. कागद गोळा करताना एक कागद इकडचा तिकडे. बस."

"बरं सर," मंदा म्हणाली. एवढ्या मोठ्या लबाडीला तिनं दोन शब्द खर्च केले.

त्या रात्री मला झोप आली नाही. सत्य, न्याय, प्रामाणिक विद्यार्थ्यांवरचा अन्याय, असं बरंच काही डोक्यात येत होतं. सकाळी सहाच्या बॅचला मी सगळ्यांच्या आधी गेलो आणि पत्र टाइप केलं. एका बैठकीत, एक चूक न करता. प्रत टाइप केली, आणि टाइप केली म्हणून पाकिटात घालून पोस्टातही टाकली. हाताला लागलेली सवय डोक्याला विचारत बसत नाही.

तर आता पत्र फुटलं होतं, परीक्षा दहा दिवसांवर होती आणि युक्ती बारगळली होती.

"परीक्षेला साहेब येणार आणि इंदूबाईंच्या डोक्यावर उभा राहणार," सर म्हणाले. "आता एकच मार्ग. खरोखर तीस. कोरडे, तू शिकवायचं ह्यांना."

"मी?"

"मग कोण, हितचिंतक?"

वर्ग हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, खुर्ची माझ्या मशीनजवळ ओढली आणि म्हणाल्या, "चल बाबा. कर आता काय करायचं ते."

पहिल्याच दिवशी मला त्यांचा रोग कळला. बोटं वाईट नव्हती. अक्षरं पाठ होती. पण बाई मजकूर वाचायच्या. म्हणजे खरोखर वाचायच्या, तुम्हीआम्ही वर्तमानपत्र वाचतो तसा. सरांचं पहिलं सूत्र होतं, टायपिस्टानं अर्थात शिरायचं नाही. डोळ्यानं अक्षर बघावं आणि बोटानं ठोकावं, मधल्या डोक्याचं काम नाही. मावशींचं डोकं नेमकं तिथेच मध्ये यायचं.

मी घड्याळ लावून उतारा पुढे ठेवला. 'शासनाच्या या योजनेमुळे ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंबास मुबलक पाणी उपलब्ध झाले आहे.' मावशींनी 'मुबलक'पर्यंत टाइप केलं आणि हात थांबवले.

"कुणाला रं झालंय उपलब्ध?"

"मावशी, टाइप करा."

"न्हाई, कोण लिवतंय हे? त्याला म्हणावं आमच्या गल्लीत ये की घागर घेऊन."

"वेळ चाललाय!"

"वेळ जाऊ दे. खोटं हाय हे."

दुसरा उतारा वृक्षारोपणाचा होता. त्यात लावलेल्या झाडांचा आकडा होता. त्यावर त्या दोन मिनिटं नुसत्या हसल्या. तिसरा एका बैलाबद्दल होता, बैल शेवटी मरायचा. तिथे त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गती सोळावर आली.

मी अर्थ नसलेले उतारे केले. शब्द उलटसुलट लावले. त्यात त्या अर्थ शोधत बसायच्या, म्हणजे आणखीच वेळ. पाचव्या दिवशी बावीस झाले, आणि मला कळून चुकलं की यापुढे गाडी जात नाही. मावशींनाही कळलं. त्यांनी मशीनवर टोपण घातलं आणि म्हणाल्या, "परवा कचेरीत मोठ्या साहेबांनी बोलावलं हुतं. म्हणाले, बाई, निकाल आल्यावर भेटा. नुसतं भेटा म्हणाले. पुढचं बोललेच न्हाईत."

पत्र लिहिताना मला 'सदर महिला उमेदवार' दिसत होती. इंदूमावशी दिसल्या नव्हत्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली, आणि चांगलीच वाटली.

"ते तुझं पत्र हाय का रं?" त्यांनी अचानक विचारलं.

"सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"आण बघू. सरांनी घाईघाईनं वाचलं. मला नीट बघायचंय माझ्याबद्दल काय काय लिवलंयस."

मी आणलं. त्यांनी ते स्टँडवर लावलं, कागद घातला आणि सुरू झाल्या. वाचण्यापेक्षा टाइप करूनच बघावं असं त्यांना का वाटलं कोण जाणे, पण झाल्या सुरू. 'महोदय' सावकाश गेलं. 'गैरप्रकार'ला त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. 'सदर महिला उमेदवार टंकलेखनास सर्वस्वी अपात्र' इथे आल्यावर त्यांनी मशीनला अशा काही धोपटायला घेतलं की शेजारचा उमेदवार खुर्ची सरकवून बसला. अर्थात त्या शिरल्याच होत्या, पण थांबायचं नावच नाही. उखळातलं कांडण मुसळानं हाणावं तशा त्या शब्द हाणत होत्या. मी घड्याळ बघितलं.

"मावशी, एकोणतीस!"

"गप. अजून हाय शेवटचं." आणि त्यांनी 'एक हितचिंतक' असं ठोकलं की कागदाला भोक पडलं.

सर धावत आले. त्यांनी कागद बघितला, शब्द मोजले, चुका मोजल्या. "राग आला की ह्यांचा वेग वाढतो," ते हळूच म्हणाले. "कोरडे, तुझ्या पत्रात काहीतरी आहे."

त्यानंतरचे पाच दिवस मावशींनी दुसरं काही टाइप केलं नाही. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. रोज पहिल्यांदा त्या माझ्याकडे एकदा रोखून बघायच्या आणि मग सुरू व्हायच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी तेहतीस झाले. सरांनी त्यांना सांगितलं, "उद्या उतारा कुठलाही येवो, त्यात चीड येण्यासारखं काहीतरी असतंच. ते शोधा आणि हाणा."

त्या काळी परीक्षेला आपलं मशीन आपण न्यायचं असे. सकाळी बारा मशीनं पोत्यात गुंडाळून टेम्पोत चढवली आणि त्यांच्यामध्ये आम्ही बसलो. सोलापूरच्या हॉलमध्ये मशीनं लावून होतात न होतात तोच एक उंच, किडकिडीत साहेब आत आले. त्यांच्या हातात माझं पत्र होतं. लांबूनसुद्धा समास ओळखू आला.

हे परीक्षा नियंत्रक, हिरवे साहेब. त्यांनी उमेदवारांची यादी बघितली, मंदाला उठवून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि स्वतः मावशींच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभे राहिले. मावशींच्या डाव्या बाजूला मंदा बसायची होती, तिथे आता मी आलो.

घंटा झाली. उतारा स्त्रियांच्या बचतीवर होता. माझी बोटं आपोआप चालायला लागली, पण कान सगळा शेजारी. मावशी धिम्या सुरू झाल्या होत्या. वीस असेल फार तर. एक मिनिट गेलं, दीड गेलं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. पाठीमागे साहेब, पुढ्यात बचत. चिडण्यासारखं काही सापडत नव्हतं.

मग दुसरा परिच्छेद आला. 'ग्रामीण स्त्रियांना काटकसरीची सवय नसल्याने कुटुंबाचा पैसा वायफळ खर्च होतो.'

शेजारचं मशीन थांबलं. मला वाटलं संपलं, आता बाई बोलणार. आणि एकदम धडधड सुरू झाली. तसा आवाज मी आमच्या वर्गातही ऐकला नव्हता. हिरवे साहेब एक पाऊल मागे सरकले. मी मनात मोजत होतो, अठ्ठावीस, तीस, बत्तीस, आणि आनंदानं माझ्या अंगावर काटा आला होता. घंटा झाली तेव्हा मावशी शेवटच्या पूर्णविरामावर होत्या.

माझ्या कागदाकडे मी तेव्हा बघितलं. आनंदाच्या भरात दोन ओळी गाळल्या होत्या, आणि त्याखालच्या तीन ओळी एकावर एक टाइप झाल्या होत्या. बेचाळीस गतीच्या माणसानं सात मिनिटांत फक्त काळं केलं होतं.

परीक्षा आटोपल्यावर साहेबांनी आमच्या इन्स्टिट्यूटला थांबवून घेतलं.

"कोरडे कोण? अरविंद दिनकर?"

मी उठलो.

"हे पत्र तुमचं?" त्यांनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आज काही प्रकार झाला नाही, हे मी बघितलं. पण बेत होता की नव्हता? बेत असेल तर संस्थेची मान्यता जाईल, आणि ह्या दोन्ही उमेदवारांचे निकाल राखून ठेवावे लागतील. बेत नसेल तर खोटी तक्रार केली म्हणून तुमच्यावर कारवाई होईल. बोला. खरं की खोटं?"

सर भिंतीकडे बघत होते. मंदा नखांकडे. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होतो हे मला आजही ठाऊक नाही. खरं सांगितलं तर मावशींची नोकरी जाणार होती, खोटं सांगितलं तर मी जाणार होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला दोन्ही उत्तरं येत होती आणि एकही देता येत नव्हतं.

"सायेब," मावशी म्हणाल्या, "ते खरंबी न्हाई आणि खोटंबी न्हाई. त्यो आमचा उतारा हाय."

"उतारा?"

मावशींनी पिशवीत हात घातला आणि कागदांचा एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी वरचा कागद वाचला. मग दुसरा. मग मधूनच एक काढला. सगळीकडे तेच. श्रीमती इंदुमती ताकवले सर्वस्वी अपात्र आहेत, असं श्रीमती इंदुमती ताकवले यांनी स्वतः पन्नासवेळा टाइप केलेलं होतं.

"तुमच्या स्वतःच्याविरुद्धची तक्रार तुम्ही सराव म्हणून टाइप करता?"

"सर म्हनले, नावं आपल्याच वर्गातली घ्या, म्हंजी ध्यान लागतं. ह्या पोरानं पत्र रचलं. लई हुशार हाय. पण याडं हाय, नमुन्याचं पत्र खरंच नेऊन टाकलं पोस्टात."

साहेब सरांकडे वळले. "काय हो?"

दिवेकर सर ताठ उभे राहिले. "पत्रलेखनाचा नमुना म्हणून त्यात एकही दोष काढता येणार नाही, साहेब," ते म्हणाले. ते शब्दशः खरं होतं.

हिरवे साहेबांनी पुन्हा एकदा माझं पत्र बघितलं. "निनावी पत्रावर आद्याक्षरं आणि आरोपीला प्रत," ते स्वतःशीच म्हणाले. "खरी तक्रार असं कोण करेल." आणि त्यांनी ते फाडून टोपलीत टाकलं.

परतीच्या टेम्पोत सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मंदा एका मशीनवर डोकं ठेवून झोपली. मावशी आणि मी मागे पाय सोडून बसलो होतो. बरंच अंतर गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"तुझ्यासाठी कशाला? माझ्यासाठी बोलले. आन् त्या दिशी वर्गात बी खोटंच बोलले. मला सगळं ठावं हुतं. सरांनी मला आधीच विचारलं हुतं, मी हो म्हनले हुते." त्यांनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "तू लिवलेलं समदं खरं हुतं, अरविंदा. तेच तर झोंबलं."

मग मलाही राहवेना. टेम्पोच्या आवाजात बोलणं सोपं जातं. "मावशी, मी ते खऱ्यासाठी नव्हतं लिहिलं."

"मग?"

"सरांनी मंदाला विचारलं. मला विचारलंच नाही. माझी गती बेचाळीस असून."

मावशींना असं हसू फुटलं की पोत्यातली मशीनंसुद्धा खुळखुळली. "एवढंच व्हय? आरं मग सांगायचं की तसं. दोघांच्या मधी बसले असते!"

दोन महिन्यांनी निकाल लागला. मंदा पहिली आली. मावशी काठावर पास झाल्या, कचेरीतल्या मोठ्या साहेबांना भेटून आल्या आणि कायम झाल्या. मी नापास. आमच्या इन्स्टिट्यूटचा त्या वर्षीचा एकमेव.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायला मी गेलो, तेव्हा मावशी सरांच्या टेबलाजवळ उभ्या होत्या. त्यांना आता टायपिंगची गोडी लागली होती. चाळीस शब्दांच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरला होता. त्यांनी माझा फॉर्म बघितला, निकालपत्रकावरचा माझा आकडा बघितला, आणि कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून माझ्या कानाशी आल्या.

"अरविंदा, सरांना सांगू का, मला तुझ्या शेजारी बसवा म्हणून?"

त्या चेष्टा करत होत्या की नाही, मला कळलं नाही. मी नाही म्हणालो. पण म्हणायला जरा वेळच लावला.